साराच्या वाटेवरच्या पाच शाळा लेखात का नाहीत?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या इतिहासावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते आहे. पन्नास घरांच्या गावाने मास्तर नेमलाच पाहिजे हा मॅसॅच्युसेट्सचा १६४७ चा कायदा, त्या राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव हॉरेस मान यांचं १८३७ पासूनचं काम, १८५२ ची शाळेची सक्ती, सगळं लेखकाने मन लावून सांगितलं आहे. मान यांच्याबद्दल मलाही आदर आहे. मी स्वतः एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पण तिथे सगळ्यांची मुलं एका बाकावर बसली, असं जे लेखात म्हटलंय, ते मला मान्य नाही.

त्याच मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टन शहरात सारा रॉबर्ट्स ही पाच वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी राहत होती. काळ्या मुलांसाठी नेमून दिलेल्या शाळेत जाताना तिला वाटेत गोऱ्या मुलांच्या पाच शाळा लागायच्या. तिचे वडील बेंजामिन कोर्टात गेले. १८४९ मध्ये चार्ल्स समनर आणि रॉबर्ट मॉरिस या वकिलांनी तिची बाजू मांडली, आणि ते हरले. पुढे १८५५ मध्ये त्या राज्याने कायदा करून शाळांमधला हा भेद बंद केला खरा. पण साराच्या विरोधातल्या त्याच निकालाचा दाखला १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळं बसवणं योग्य ठरवण्यासाठी घेतला. शाळांपुरतं ते चुकीचं ठरायला १९५४ साल उजाडलं. एवढ्या मोठ्या लेखात यावर एक ओळ नाही!

मला हे इतकं लागायचं कारण सांगते. बॉस्टनजवळ मुलीकडे मी आठ महिने होते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या रस्त्यापलीकडची शाळा दिसायची. मधल्या सुट्टीतला पोरांचा कालवा ऐकत मी पोळ्या लाटायचे. पण रस्त्याच्या मधोमध दोन गावांची हद्द. मुलगी चौकशीला गेली, तर तिच्या हातात एक नकाशा ठेवला. हद्दीची रेघ पिवळ्या पेनाने ठळक केलेली. नातू बसने पस्तीस मिनिटं दुसऱ्या शाळेत जायचा. तिथे ग्रंथपाल आठवड्यातून दोनच दिवस यायच्या. समोरच्या शाळेत रोज. सहा वर्षांचं पोर रोज विचारायचं, “आजी, ही शाळा आपली का नाही?” साराच्या दुःखाशी मी याची बरोबरी करत नाही. तिला रंगामुळे अडवलं, आमच्या आड फक्त हद्द आली. पण त्या खिडकीशी उभी असताना मला सारा आठवायचीच.

दोन शाळांमधल्या या फरकाचं मूळ पैशात आहे, आणि लेखात तेही नाही. तिथल्या शाळेचा मोठा खर्च गावातल्या घरपट्टीतून निघतो. घरं महाग तिथे शाळेला पैसा जास्त. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या गरीब वस्तीतले पालक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या विरोधात लागला. चार न्यायमूर्तींना पटलेली गोष्ट लेखकाला दोन ओळींत सांगता आली असती.

आणखी एक. लेखात सगळीकडे ‘पब्लिक स्कूल’ हाच शब्द आहे. आपल्याकडे ही पाटी भरमसाठ फी घेणाऱ्या खासगी शाळांवर असते. आमच्या शेजारच्या वहिनींनी लेख वाचून मला विचारलं, “तिथे फी किती असते हो?” सरळ ‘सरकारी शाळा’ लिहायला काय हरकत होती?

आपण या गोष्टी अमेरिकेपासून शिकाव्यात, असं लेखाच्या शेवटी आहे. जरूर शिकू. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना; साराचे वकील समनर त्यांच्यातलेच. लेखाचा दुसरा भाग पुढच्या रविवारी येणार आहे. त्यात साराचं आणि तिच्या वडिलांचं नाव छापावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली