खांदशेकणीची संध्याकाळ

संपादक साहेब, नमस्कार.

श्रावण अमावस्येच्या पोळ्याचे फोटो तुमच्या पेपरात दरवर्षी येतात, झुली, तोरण, गर्दी, सगळं छान असते, पण मले वाटते खरा पोळा आदल्या दिवशी संध्याकाळीच होऊन जाते, खांदशेकणीले. आमच्या इकडं यवतमाळकडं लोणी-हळद लावून पळसाच्या पानानं बैलाचा खांदा शेकतात अन् त्याले म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. बाबा गेल्यापासून हे मीच करतो. जुवाच्या घट्ट्यावर हात फिरवला की कातडी पायाच्या टाचेसारखी टणक लागते, लोणी विरघळून मनगटापर्यंत ओघळते, बैल डोळे मिटून मान सैल सोडतो, अन् तवा देव गोठ्यातच उभा हाये असं मले वाटते. मंदिरात एवढं नाही वाटत, खोटं कायले बोलू. वर्षभर ज्याच्या खांद्यावर आपली कपाशी, तूर पिकते त्याले एक दिवस तरी हात जोडले पाहिजेत न.

असं वाटते तवा मले गाडगेबाबा आठवतात. ते आपल्याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, १८७६ चा जन्म. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात देव माणसात पाहा सांगायचे, मुक्या जनावराचा बळी देऊ नका म्हणायचे.

आता ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले, त्यात कोणाची चूक नाही. पण घरी बैल नसन तर पोरांले शेजाऱ्याच्या गोठ्यात न्या, त्यांच्या हातानं लोणी लावू द्या. अन् साहेब, यंदा एक फोटो खांदशेकणीचाही छापा.

एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ