दुकानात बोलणारे स्पीकर घरी मुके का होतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी किंवा आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की आपल्या दैनिकात होम थिएटरच्या पानभर जाहिराती येतात. '५.१' (म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर), 'थिएटरचा अनुभव घरी' वगैरे. त्यातलीच एक वाचून मी दीड वर्षापूर्वी धुळ्याच्या एका दुकानातून अठरा हजारांचा सेट आणला. रेल्वेच्या सिग्नल खात्यात ३१ वर्षं काढलेला माणूस मी. वायर कुठून निघाली आणि कुठे पोचली हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तरी या सेटने मला दीड महिना नाचवलं, म्हणून हे पत्र.

दुकानात सहाच्या सहा स्पीकर दणाणत होते. घरी जोडले तर पुढचे दोन आणि खालचा वूफर तेवढा वाजे. मधला मुका, मागचे दोन मुके. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "काका, पिक्चरच तसा असेल." दुकानात त्याने काय केलं होतं ते मला पुढे रिमोटची बटणं दाबताना सापडलं. एक मोड असा असतो की दोन चॅनेलचा, म्हणजे डावा-उजवा असा दोनच धारांचा, तोच आवाज सगळ्या स्पीकरांतून ओतला जातो. गिऱ्हाईक खूश. पण तो सराउंड नव्हे, तो पंगतीतला वाढपी. सगळ्यांच्या पानात तेच!

आमच्याकडे वर्षानुवर्षं जमवलेल्या डीव्हीडी होत्या. चाळीसगावचा उन्हाळा आणि नातवंडं यांनी त्यांची वाट लावायच्या आत मुलाने त्या हार्ड डिस्कवर उतरवून दिल्या. डिस्क टीव्हीला, आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायर ॲम्प्लिफायरला. वायरच्या टोकाला लाल उजेड दिसत होता, म्हणजे लाइन चालू. पण ॲम्प्लिफायरच्या खिडकीत कायम 'पीसीएम' हीच अक्षरं. सगळी मेख त्या तीन अक्षरांत होती.

डीव्हीडीवरचा ५.१ चा डॉल्बी डिजिटल आवाज म्हणजे सहा चॅनेलचं दाबून बांधलेलं गाठोडं असतं. ऑप्टिकल वायरीतून हे गाठोडं बांधलेलं असेल तर सहज जातं. सोडलेला आवाज, म्हणजेच पीसीएम, मात्र तिच्यातून दोनच चॅनेलचा जातो. माझा टीव्ही आगाऊपणा करून वाटेतच गाठोडं सोडत होता, सहाचे दोन करत होता आणि पुढे पाठवत होता. सिग्नल हिरवा, पण पॉइंट भलत्याच लाइनला लागलेला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल ऑडिओ आउटपुट' या नावाखाली 'पीसीएम' होतं, ते 'पास थ्रू' केलं. (काही टीव्हींवर त्याला 'बिटस्ट्रीम' म्हणतात, काहींवर 'ऑटो' ठेवलं तरी भागतं.) खिडकीत 'डॉल्बी डिजिटल' उमटलं आणि मधला स्पीकर पहिल्यांदा बोलला.

हे महत्त्वाचं अशासाठी, की ५.१ मध्ये संवाद बहुतेक त्या मधल्या स्पीकरात असतात. तोवर आमच्या घरात "या काय बोली ऱ्हायनात, काहीच समजत नही" हे सौभाग्यवतींचं पालुपद होतं. गाण्याला आवाज कमी करा, बोलण्याला वाढवा, रिमोटसाठी ओढाताण. आता मधल्याची पातळी चार डेसिबलने वाढवून ठेवली आहे आणि रिमोट शांतपणे टीपॉयवर पडून असतो. एप्रिलमध्ये एका सिनेमात मागच्या स्पीकरांतून पाऊस सुरू झाला, तर ही ताडकन उठली, "बिबड्या भिजतीन!" आणि गच्चीवर वाळत घातलेल्या त्या ज्वारीच्या पापडांसाठी जिन्यापर्यंत गेली. अठरा हजार त्या दिवशी वसूल झाले.

पण सगळ्या फाइल सुधारल्या नाहीत. काहींचं चित्र दिसे, आवाज नाही, आणि पडद्यावर पाटी यायची की हा ऑडिओ चालत नाही. तो डीटीएस, आवाजाचं गाठोडं बांधायचा डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार. त्याला परवान्याचे पैसे मोजावे लागतात, म्हणून कित्येक टीव्ही कंपन्या तो ठेवतच नाहीत. डॉल्बी डिजिटलच्या त्या जुन्या प्रकाराची पेटंटं २०१७ मध्येच संपली, त्यामुळे तो बहुतेक ठिकाणी चालतो. मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं तसं मी एफएफएमपेग हा फुकटचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर टाकला. चित्राला हात न लावता फक्त आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये, ६४० केबीपीएसला, बदलून घेतला. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला बोटं अडखळतात, पण तीन तासांचा सिनेमा चहा होईतो तयार. एमपी४ फाइलमधल्या सहा चॅनेलच्या एएसी (गाठोड्याचा आणखी एक प्रकार) आवाजावरही हाच उपाय लागू पडला. राहिल्या त्या मुलाने सुरुवातीला जागा वाचवायला स्टीरिओ करून ठेवलेल्या बावीस फाइल. तिथे कुणाचाच इलाज नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यातल्या निम्म्या डीव्हीडी तोवर रद्दीवाल्याकडे गेल्या होत्या.

आमच्या शेजाऱ्यांची गत आणखी वाईट. त्यांच्या खोक्यावर ठळक '५.१' छापलंय आणि सेटच्या मागे फक्त लाल-पांढऱ्या पिनांची जागा, वर ब्लूटूथ. त्या दोन पिनांतून दोन चॅनेल येतात आणि साध्या ब्लूटूथवरही दोनच. म्हणजे सिनेमाचे खरे सहा चॅनेल आत शिरायला दारच ठेवलेलं नाही. स्पीकर सहा आहेत एवढ्यापुरतं ते '५.१' खरं. याला फसवणूक म्हणायचं की नाही ते वकील सांगतील, मी म्हणतो.

माझी मागणी मोठी नाही. खोक्यावर वॅट छापतात, तसं आत कोणता आवाज कोणत्या वायरीने येऊ शकतो तेही मराठीत छापावं. टीव्हीच्या खोक्यावरही डीटीएस चालतो की नाही, आणि एचडीएमआयच्या कोणत्या भोकाला 'एआरसी' (टीव्हीचा आवाज त्याच वायरीने ॲम्प्लिफायरला परत पाठवायची सोय) आहे, ते लिहावं. आणि दुकानदारांनी स्वतःची ठेवणीतली गाणी न लावता गिऱ्हाइकाने आणलेला पेन ड्राइव्ह लावून दाखवावा, खिडकीत कोणती अक्षरं येतात ते बघू द्यावं. आपणही त्या पानभर जाहिरातींच्या शेजारी एवढी माहिती चौकटीत द्यावी, ही विनंती.

पारोळ्याचे आमचे साडू यंदा आखाजीला सेट घ्यायचं म्हणतात. पत्र त्याआधी छापलंत तर कात्रण हातात देऊनच त्यांना दुकानात पाठवीन.

आपला,
एक निवृत्त सिग्नल कर्मचारी, चाळीसगाव