मोहल्ला समित्या सणापुरत्याच का?

आमच्या गल्लीत रात्रपाळीहून परतणाऱ्या यंत्रमाग कामगारांचे मोबाइल हिसकावले जातात. तक्रार द्यायला कोणी धजत नाही. १९८४च्या दंगलीत होरपळलेली भिवंडी १९९२-९३ मध्ये शांत राहिली, याचं मोठं श्रेय पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांना, म्हणजे पोलीस आणि वस्तीतल्या हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या एकत्र समित्यांना जातं. तेव्हा हवालदार आमच्या ओट्यावर चहा घेत नळावरची भांडणंसुद्धा ऐकून घ्यायचा. म्हणूनच उडाणटप्पू पोरं त्याला नावानिशी ठाऊक असायची. आता शांतता समितीची बैठक गणपती-मोहरमच्या तोंडावर, तीही त्याच त्या पुढाऱ्यांची. (फोटो मात्र झकास!) कॅमेरे लावले, ठीक, पण कॅमेऱ्याकडे गाऱ्हाणं कसं मांडायचं? बीट अंमलदाराने (आमच्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाने) दर महिन्याला गल्लीत बसावं, कामगारांना आणि बायकांनाही बोलवावं.

— एक निवृत्त यंत्रमाग कामगार, भिवंडी