पौलाची दोन वर्षे

संपादक महोदय,

ख्रिस्ती प्रेषित पौल याच्यावर कैसरियात, रोमन सुभेदाराच्या शहरात, चाललेला खटला वकिलाच्या नजरेने वाचावा. यहुद्यांचा मुख्य याजक हनन्याने पौलाविरुद्ध तिर्तुल्ल हा वकील आणला, त्याने सुरुवातच सुभेदार फेलिक्सच्या स्तुतीने केली (खोड जुनीच!). पौलाने आपली बाजू स्वतःच मांडली. यरुशलेमच्या मंदिरात गोंधळ उठवणारे आशियातले (म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या रोमन प्रांतातले) यहुदी इथे हजर का नाहीत, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. तरी फेलिक्सने निकाल लांबवला. त्याला पैशांची आशा होती, असे बायबलच्या नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक स्पष्ट सांगते. पौल दोन वर्षे अटकेतच! पुढे फेलिक्सच्या जागी फेस्त हा सुभेदार आला, तर तोही हा खटला यरुशलेमला न्यायला निघाला. तेव्हा पौलाने थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. तो जन्माने रोमन नागरिक होता, म्हणून ती वाट त्याला खुली होती.

– एक निवृत्त वकील, वसई