भूतानहून सुमीला

बाजो, वांगदू
कार्तिक संपत आला, थंडी सुरू

प्रिय सुमी,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. ‘सुखी देशात राहतेस, तिथे लोक आजारी तरी पडतात का?’ म्हणे. अगं, भरपूर पडतात. लोणी-मिठाचा चहा दिवसभर, जेवणात मिरचीचीच भाजी (एमा दात्शी, इथे मिरची मसाल्यात मोडत नाही, भाजीत मोडते), वर चुना लावलेला डोमा, म्हणजे पान-सुपारी, गालात. त्यामुळे रक्तदाब घरोघर. आणि आरा! घरी गाळलेली आरा हातात दिल्याशिवाय पाहुण्याचं स्वागत पुरं होत नाही. इस्पितळातल्या मृत्यूंत दारूने गेलेलं यकृत वर्षानुवर्षं वरच्या नंबरावर आहे. शिवाय ज्या देशाने सुख मोजायला घेतलं, त्याला स्वतःचा पहिला मनोविकारतज्ज्ञ मिळाला तो 1999 च्या सुमारास. तेव्हा ते सुखाचं जरा बाजूला ठेवू.

तू दोन गोष्टी विचारल्यास. इथली सरकारी आरोग्यसेवा खरंच चांगली आहे का, आणि तुझ्या भाचीने नर्स म्हणून इथे यावं का. दुसरीचं उत्तर पहिलीत अडकलंय, म्हणून लांबण लागणार. चहा घेऊन बस.

आधी देश केवढा ते डोळ्यांपुढे आण. क्षेत्रफळ केरळाएवढं, माणसं 2017 च्या जनगणनेत सव्वासात लाख. म्हणजे आपल्या दोन-तीन तालुक्यांतली वस्ती अख्ख्या केरळावर पसरलेली, आणि केरळ सगळा उभा, डोंगरावर. 1958 मध्ये पंडित नेहरू इथे आले ते नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून; मोटारीचा रस्ताच नव्हता. 1961 मध्ये पहिली पंचवार्षिक योजना लागली, पैसा सगळा भारताचा. तेव्हा देशात दोन छोटी इस्पितळं होती आणि शिकलेले डॉक्टर बोटांवर मोजण्याएवढे. 1984 साली लाख जन्मांमागे साडेसातशेवर बाळंतिणी दगावत होत्या. 2017 मध्ये तो आकडा 89 वर आला. वर्षाच्या आतली मुलं हजारी 15 जातात, सरासरी आयुर्मान सत्तरावर गेलंय. आपण दोघींनी नंदुरबारच्या धडगावात काढलेली वर्षं आठव आणि मग सांग, हे आकडे वाचून तुलाही थोडी असूया वाटते की नाही.

हे झालं कसं, याचं उत्तर थिंफूला साहेबांना विचारलंस तर ते राजाचं आणि सकल राष्ट्रीय आनंदाचं (उत्पन्नाऐवजी लोकांचं सुख मोजायचं, हे इथलं धोरण) नाव घेतील. मला विचारशील तर मी एचएचं नाव घेईन. एचए म्हणजे हेल्थ असिस्टंट. डॉक्टर तयार करायला मेडिकल कॉलेज नव्हतं (एमबीबीएस इथे सुरू झालं ते थेट 2023 मध्ये, तोवर सगळे भारतात, बांगलादेशात, श्रीलंकेत शिकून यायचे). मग डॉक्टरांची वाट बघत न बसता 1974 मध्ये थिंफूला आरोग्यविज्ञान संस्था काढली आणि एचए, नर्सा, एएनएम (सुईणकाम शिकलेल्या परिचारिका) घडवायला घेतले. बीएचयू, म्हणजे बेसिक हेल्थ युनिट, ही त्यांची जागा. कागदावर आता तिचंही प्रायमरी हेल्थ सेंटर झालंय, पण लोकांच्या तोंडी बीएचयूच. डॉक्टर नसतो. एचए तपासतो, टाके घालतो, बाळंतपण करतो, लस देतो आणि नळाच्या टाकीत डोकावून पाणीही बघतो.

इथल्या बीएचयूचा एचए मला एकदा त्याच्या आउटरीच क्लिनिकला घेऊन गेला. महिन्यातला ठरलेला दिवस. झुलता पूल, मग सरळ चढ. तो लसींचा डबा खांद्याला लावून पुढे आणि मी दर वळणावर फोटो काढायच्या निमित्ताने दम खात मागे. वर एक साधी खोली. तुळईला वजनकाटा टांगला, आणि बायका मुलांना पाठीशी बांधून येऊ लागल्या. बाळांची वजनं, टोचणी, पोटुशींची तपासणी, रक्तदाबाच्या गोळ्या. हे सगळं आपणही केलंय, त्याचं नवल नाही. नवल मला पुढचं वाटलं. एक म्हातारी आली नव्हती, तर आवराआवर झाल्यावर हा गडी आणखी वरच्या वस्तीवर तिच्या घरी गेला. कुणी सांगितलं नव्हतं, रजिस्टरात त्यासाठी रकानाही नसावा. गोळ्या मोजल्या, उरल्या होत्या त्यावरून ती घेत नाही हे ओळखलं, रागावला, चहा प्यायला आणि उतरला. बदली होऊन येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते, तरी कुठल्या घरात कोण आहे हे पाठ. सव्वासात लाखांच्या देशात हे जमतं, आपल्याकडे एका मेडिकल ऑफिसरच्या माथी तीस-चाळीस हजार लोक असतात, असं तू म्हणशील. खरंय. पण लहानपण हे कारण एकट्याने पुरत नाही. लहान आणि बेजार देशही पुष्कळ आहेत.

गावातली स्वयंसेवक मंडळी वेगळी. 1978 मध्ये सोव्हिएत संघातल्या ‘अल्मा-आता’ शहरी प्राथमिक आरोग्यसेवेवर जागतिक परिषद झाली, तिच्यानंतर इथे गावोगाव आरोग्यसेवक निवडले गेले, जामखेडला आरोळे दांपत्याने 1970 पासून गावातल्या बायकांना तयार केलं त्याच जातकुळीचे. फरक इतकाच की हे जवळजवळ फुकट राबतात, म्हणून गळतातही. आशाताईंच्या मानधनासाठी मोर्चे निघतात याचं आपल्याला वाईट वाटतं, पण निदान मोर्चे निघतात.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट मिठाची आहे. 1983 च्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांना गलगंड निघाला. डोंगरी मातीत आयोडीन नाही आणि मीठ तर देशात पिकतच नाही. पूर्वी तिबेटातून याकवर यायचं, नंतर सगळं भारतातून. यांनी काय केलं, तर 1985 मध्ये फुंत्शोलिंगला, म्हणजे जयगावच्या फाटकातून आत पाऊल टाकताच, मिठात आयोडीन मिसळायचा कारखाना टाकला. मीठ दारातच अडवायचं आणि औषध घालून आत सोडायचं. ना घरोघर गोळ्या वाटायच्या, ना भाषणं द्यायची. 2003 पर्यंत आयोडीनच्या कमतरतेचे आजार हटल्याचं जाहीर झालं. मोठ्या गळ्याची म्हातारी माणसं अजून क्वचित दिसतात, पोरांत नाही. खुष्कीने वेढलेला देश असणं एरवी शाप, इथे त्याचाच फायदा उचलला.

खासगी दवाखाना तर इथे औषधालाही सापडत नाही. औषधांची दुकानं आणि काही तपासणी केंद्रं सोडली तर सगळं सरकारी आणि फुकट. 2008 च्या राज्यघटनेत, नवव्या कलमात, ते लिहूनच टाकलंय, आणि तेही आधुनिक व पारंपरिक दोन्ही उपचारांचं. म्हणून जिल्हा इस्पितळात एका दारातून आत गेलीस की एकीकडे डॉक्टर, एकीकडे नाडी बघणारा द्रुंग्त्शो, म्हणजे पारंपरिक वैद्य. सांधेदुखीवाले तिकडे, न्यूमोनियावाले इकडे, आणि बरेच जण दोन्हीकडे. थिंफूच्या साडेतीनशे खाटांच्या मोठ्या इस्पितळातही जे जमत नाही ते कोलकात्याला, वेल्लोरला पाठवतात, सरकारी खर्चाने. रांगा असतात, तज्ज्ञाची तारीख लांबची मिळते, कधी औषध संपलेलं असतं. पण दवाखान्यामुळे शेत गहाण पडलं असं अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

पैसा कुठून येतो? मोठा वाटा विजेचा. चुखा, ताला इथली वीज आपण घेतो. (आमचे हे ज्या धरणाच्या कामावर आहेत, तिथे 2013 मध्ये उजव्या तीरावरचा डोंगरच सरकला. वीज राहिली दूर, तेव्हापासून डोंगर सांभाळतायत.) पर्यटकांकडून रोजचं शुल्क घेतात, आपल्याकडून 1200 रुपये, तू आलीस की कुरकुर करू नकोस. लसी आणि आवश्यक औषधांसाठी एक वेगळा आरोग्य निधी आहे. त्याच्यासाठी 2002 मध्ये खुद्द आरोग्यमंत्री त्राशिगांगहून थिंफूपर्यंत पायी आले, 560 किलोमीटर, पंधरा दिवसांत. आपल्या कुठल्या मंत्र्याला हे सुचवून बघ.

कोविडच्या वेळी तर पंतप्रधानच सर्जन होते, शनिवारी शस्त्रक्रिया करणारे. लस आपल्या पुण्याची, हडपसरची कोविशील्ड, भारताने भेट दिलेली. जानेवारी 2021 मध्ये पहिले दीड लाख डोस आले आणि यांनी ते चक्क ठेवून दिले. एक तर सगळ्यांना एकदम पुरतील एवढे हवे होते, दुसरं म्हणजे मधला महिना अशुभ. 27 मार्चला मुहूर्त निघाला. टोचणारी आणि टोचून घेणारी, दोघी इथल्या पंचांगातल्या वानरवर्षात जन्मलेल्या, ते शुभ म्हणून. तू नाक मुरडशील, मीही मुरडलं होतं. पण पंधरवड्यात नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांना पहिला डोस मिळाला, काही ठिकाणी हेलिकॉप्टरने, काही ठिकाणी बर्फातून चालत. लामा आणि डॉक्टर एकाच बाजूला उभे राहिले की अफवेला जागा राहत नाही. मग भारतात दुसरी लाट आली, निर्यात थांबली, आणि दुसरा डोस अमेरिकेकडून, डेन्मार्ककडून मिळेल तो गोळा करत जुलैपर्यंत लांबला. एकाच दारावर सगळा भरवसा ठेवल्याचा तो तोटा.

आता जे कुणी बोलत नाही तेही लिहिते. नव्वदीच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या नेपाळी भाषकांपैकी लाखभर माणसांना देश सोडावा लागला. पूर्व नेपाळच्या छावण्यांत त्यांची पंधरा-वीस वर्षं गेली, मग बहुतेकांना अमेरिकेने आणि इतर देशांनी घेतलं. त्या धामधुमीत दक्षिणेतल्या कित्येक शाळा आणि आरोग्य केंद्रं बंद पडली होती. म्हणून ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे शब्द इथल्या भिंतीवर दिसले की ‘सर्व’ कोण हे आधी ठरलं होतं, असं माझ्या मनात येतंच. कॉलनीत हा विषय काढला की लोक हवामानावर बोलू लागतात.

आणि आता तुझ्या भाचीचं. तो डोंगर चढणारा एचए यंदा गेला. पर्थला. बायको विद्यार्थिनी म्हणून, हा तिचा नवरा म्हणून. इथून पर्थला जाणाऱ्यांची रांग लागलीय: नर्सा, शिक्षक, तंत्रज्ञ, सगळे इंग्रजीत शिकलेले, सगळे फुकट शिकलेले. सरकारने 2023 मध्ये पगार चांगले वाढवले, तरी तिथल्या वृद्धाश्रमातली मजुरी इथल्या पगाराच्या कितीतरी पट. मी त्याला दोष देत नाही, माझा स्वतःचा मुलगा कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. पण पन्नास वर्षं खपून या देशाने जे एक माणूस घडवलं, तेच निघून चाललंय, आणि त्याच्या जागी बाहेरून कंत्राटावर नर्सा-डॉक्टर आणायची वेळ आलीय. तुझ्या भाचीसाठी जागा रिकामी आहे ती अशी.

तिने यावं असं मला वाटतं, दोनेक वर्षांसाठी. वॉर्डात हाताखाली शिकायला भरपूर मिळेल, माणसं मवाळ आहेत, हिंदी टीव्हीमुळे बऱ्याच जणांना कळते. मात्र थिंफूचा हट्ट धरू नये म्हणावं. पूर्वेचं मोंगार किंवा दक्षिणेचं गेलेफू मिळालं तर घ्यावं, काम तिथे आहे. करारात राहायची सोय, रजा आणि रात्रपाळीचा मोबदला लिहून घ्यावा, तोंडी आश्वासनावर सही करू नये. पूर्वेला शारचोप, दक्षिणेला नेपाळी, इकडे झोंगखा. ‘कुठे दुखतं’ एवढं तिन्हींत आलं की निभतं. लोकरीचे कपडे जाड आणावेत. आणि तिच्यासोबत माझ्यासाठी गोडा मसाला पाठव, दोन किलो तरी, कारण मिरचीच्या भाजीला मी आता कंटाळलेय.

तुझी,
मंगल