फलकावरचा पत्ता कुणाच्या उपयोगाचा?

महोदय,

विवाह नोंदणी कार्यालयाच्या फाटकाबाहेर, उसाच्या गुऱ्हाळाला लागून, माझं टेबल आहे. बावीस वर्षं झाली. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आला, पण रजिस्टर लग्नाची नोटीस मी अजून छापील फॉर्मवर पेननेच भरून देतो.

विशेष विवाह कायदा १९५४चा. दोघांचे धर्म वेगळे असले, किंवा लग्नात धर्म आणायचाच नसला, की हाच रस्ता. आधी नोटीस, मग कुणाची हरकत येते का म्हणून तीस दिवस थांबायचं. तेवढे दिवस ती कार्यालयात ठळक जागी लावतात, आणि नोटिशींची वही कुणीही येऊन फुकट चाळू शकतो. नोटिशीत काय असतं? नाव, अविवाहित की घटस्फोटित, व्यवसाय, वय, सध्या राहता कुठे, किती दिवसांपासून. कायमचं घर वेगळं असेल तर तेही. म्हणजे घर सोडून आलेल्या मुलीने खोली कुठे घेतलीय, ते सरकारच काचेत लावून ठेवतं. वर कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असलं तर एक प्रत तिकडच्या कार्यालयातही लागते.

आमच्याकडचा फलक लाकडी चौकटीचा, कुलूपवाला. उन्हाच्या बाजूचे फोटो महिनाभरात पिवळे पडतात. त्याच्यापुढे कोण उभं राहतं ते मला खुर्चीवरून दिसतं. हरकत घ्यायला आलेली माणसं मी एवढ्या वर्षांत चार पाहिली. त्यातली एकच खरी: बाईच्या कडेवर त्याच नवरदेवाचं पोर होतं. तिला फलकावरूनच कळलं होतं, हे कबूल करायला हवं. बाकी जे येतात ते मोबाइल काढून फोटो घेतात आणि जातात. एक जण तर दर सोमवारी यायचा. शिपायाने हटकलं तर म्हणाला, "सगळ्यांसाठीच लावलंय ना?" त्याचं काही चुकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका नर्सची नोटीस मी भरली. मुलगा गॅरेजमध्ये कामाला. पत्त्याच्या रकान्यात तिने फक्त पेठेचं नाव सांगितलं. मीच म्हटलं, "ताई, घर नंबर लागतो, नाहीतर आत परत पाठवतील." तिने सांगितला, मी लिहिला. बाराव्या दिवशी तिचे काका टेबलापाशी आले. मोबाइलमध्ये नोटिशीचा फोटो. तो बोटांनी मोठा करून त्यांनी माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे अक्षर तुमचं का?" माझंच होतं. घर नंबरातला सात मी आडवी रेघ मारून काढतो, तीसुद्धा दिसत होती.

एकतिसाव्या दिवशी दोघं आली नाहीत. तीन महिन्यांत लग्न लागलं नाही की नोटीस रद्द होते, तशी तीही झाली.

कायद्याला तपासायचं आहे तेवढंच: वय, आधीचा जोडीदार हयात आहे का, मानसिक स्थिती संमती देण्याजोगी आहे का, दोघं निषिद्ध नात्यात आहेत का. दाखले, घटस्फोटाचा हुकूमनामा, शपथपत्र, हे सगळं आत टेबलावर येतंच. त्यासाठी घर नंबर गावाला दाखवायची गरज मला तरी कधी कळली नाही. त्या कडेवरच्या पोराचं काय, असं कुणी विचारेल. पण हिंदू विवाह कायद्याने सकाळी सप्तपदी होते, कुणी काचेत कागद लावत नाही, निकाहालाही नाही. पहिली बायको लपवणारे तिकडेही असतातच. आणि खोटी हरकत घेणाऱ्याने या कायद्यात भरपाई द्यायची किती? जास्तीत जास्त एक हजार रुपये.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. त्यावर बोट ठेवून अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की नोटीस जाहीर करायची ती जोडप्याने लेखी मागितली तरच. आपल्याकडे उलटी गंमत. डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती जमवायला समिती नेमली. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत 'आंतरजातीय' शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' राहिला. सज्ञान माणसाने कुणाशी संसार मांडला याच्या याद्या सरकारला कशाला लागतात, हे त्या निर्णयात शोधूनही मला सापडलं नाही.

कायदा केंद्राचा असला तरी विवाह हा समवर्ती सूचीतला विषय, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. केरळने २०२० मध्ये या नोटिशी संकेतस्थळावर टाकणं थांबवलं. आपल्या विधिमंडळाने दुरुस्ती करून राष्ट्रपतींच्या संमतीला पाठवावी: नोटीस वहीत राहू द्या, पत्ता अधिकाऱ्यापाशी ठेवा, फलक उतरवा. माझा धंदा थोडा बसेल. तीस दिवसांमुळे जोडपं दोनदा येतं आणि माझे दोन कागद होतात.

तोवर घर नंबर मलाच विचारावा लागतो. काल एकीला विचारला, तर तिने आधी मागे वळून फाटकाकडे पाहिलं.

– एक अर्जलेखक, सातारा
(नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)