शनिवारच्या प्रॅक्टिकलची आठवण

मंडळी, शनिवारी सकाळी सातला कॉलेजच्या प्लॉटवर जमायचंय, सव्वासातला नाही! वही आणा पण मोबाईल खिशात ठेवा, कारण हात मातीत जाणार आहेत.

आधी कंपोस्टचा ढीग उघडणार. मागच्या वेळी सगळ्यांनी उत्साहात नुसता हिरवा पाला टाकला आणि वास कसला सुटला होता ते आठवतंय ना, म्हणजे नायट्रोजन जास्त झाला, हवा कमी पडली. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण ३०:१ लागतं, आणि कार्बन वाळलेल्या पाल्यात जास्त असतो, म्हणून प्रत्येकाने एक पोतं वाळलेला पाला आणायचाच. ढिगाच्या मधलं तापमान ५५ ते ६५ अंशांच्या आसपास गेलं की तणाचं बी आणि रोगजंतू बरेचसे मरतात, ते थर्मामीटरने रोज कोण मोजणार हे तिथेच ठरवू. ओल किती हवी ते मुठीत दाबून बघायचं, पिळलेल्या स्पंजसारखं लागलं की झालं.

मग कडधान्याची दोन-तीन रोपं खुरप्याने हळूच खणून काढू. उपटू नका प्लीज, मुळांवरच्या गाठी मातीतच तुटून राहतात! गाठ कापली आणि आतून गुलाबी-लाल दिसली तर रायझोबियम (हवेतला नायट्रोजन रोपाला मिळवून देणारे जिवाणू) कामाला लागलंय, हिरवट-करडी असली तर नाही. हे पुस्तकात वाचून पटत नाही, एकदा स्वतः कापून बघाच.

मातीचे थर बघायला बरण्यांमध्ये पाण्यात घोळून ठेवलेली माती कोणी हलवू नका, चिकणमातीचा थर बसायला एक-दोन दिवस लागतात.

बूट घाला, चप्पल नको. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.